कान्ह्यातलं खारं पाणी

दिवस कलला की बाजीरावांची जहाजाची वेळ व्हायची.

चहाचा कप खाली ठेवून ते उठायचे, पलंगाखालची रेक्झिनची बॅग ओढायचे आणि हाताला लागेल ते तिच्यात भरायचे. टॉवेल, उशीचा अभ्रा, टीव्हीचा रिमोट. एकदा तर भिजत घातलेल्या मटकीचं पातेलंच आत ठेवलं होतं. मग दारात उभं राहून हाक मारायचे, "चिमे, निघतो गं. गोदीत पोचाया उशीर व्हईल."

"अवो, जहाज आज न्हाई," चिमाबाई भाकरी थापता थापता सांगायची. "उद्याच्याला हाय. सांगावा आलाय."

"कुनी आनला?"

"पोष्टमननं."

कधी हे पटायचं, कधी नाही. पटलं तर बॅग पुन्हा पलंगाखाली जायची. नाही पटलं तर चिमाबाई दाराला पाठ लावून उभी राहायची आणि अंधार पडेपर्यंत दोघांची झटापट चालायची. अंधार पडला की मात्र ते आपोआप निवायचे आणि ताटावर बसायचे, जणू काही झालंच नाही.

कान्हे गावच्या बौद्धवस्तीतला हा माणूस समुद्रावर कसा गेला, याचं लोकांना एके काळी फार नवल वाटायचं. पोरवयात बाजीराव लोणावळ्याला नौदलाच्या तळावर भांडी घासायला लागले होते. तिथल्या एका साहेबाच्या ओळखीनं मालवाहू जहाजावर गेले आणि इंजिनात तेलवाला झाले. तेलवाला म्हणजे जहाजाच्या पोटात, मोठाल्या यंत्रांच्या गर्दीत तेलाची बुधली घेऊन फिरणारा माणूस. त्याला समुद्र दिसतो तो वर आल्यावर, घटकाभर. बाकी सगळा वेळ मशीनची घरघर आणि उकाडा. अशी तीस वर्षं गेली. वर्षाचे नऊ-दहा महिने ते बाहेर असायचे आणि चिमाबाई इथे भात लावायची, झोडायची, मुलाला, राजेंद्रला, शाळेत धाडायची, सासू-सासऱ्यांचं करायची आणि वाट बघायची. लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी त्यातली एका छपराखाली किती गेली, हे तिनं कधी मोजलं नाही. 

नोकरी संपवून ते कायमचे घरी आले, तेव्हा तिला वाटलं, आता आपला खरा संसार सुरू झाला. काही वर्षं तशी गेलीही. परसात वांगी लावली, पौर्णिमेला दोघं जोडीनं विहारात जाऊ लागली, संध्याकाळी ओट्यावर बसून उगाच रस्त्यानं जाणाऱ्यांवर बोलू लागली. मग बाजीराव आधी शेजाऱ्यांची नावं विसरले, नंतर सुनेचं, आणि एका संध्याकाळी त्यांनी बॅग भरायला घेतली.

एकदा चिमाबाई दळण आणायला गेली आणि तेवढ्यात ते निघाले. कामशेतजवळ जुन्या हायवेवर ट्रक थांबतात तिथे सापडले. येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरला "गोदीला सोडता का?" म्हणून विचारत होते. एका ड्रायव्हरनं त्यांना चहा पाजून बाकड्यावर बसवून ठेवलं होतं म्हणून बरं. तळेगावला कंपनीत कामाला असलेला आणि बायकोबरोबर तिथेच राहणारा राजेंद्र धावत आला, वडिलांना मोटारसायकलवर मागे बसवून घरी घेऊन आला आणि आईला म्हणाला, "आई, हे तुझ्या एकटीच्यानं व्हायचं नाही. तळेगावात एक जागा आहे. म्हाताऱ्या माणसांना चांगलं सांभाळतात. मी बघून आलोय."

"बघून बी आलास?"

"आई, तसं नाही गं…"

"तीस वरसं मी ह्या मानसाची वाट बघितली राजू. आत्ता कुटं हाताशी आलंय, तर परत धाडू व्हय?"

राजेंद्रनं मोटारसायकलची किल्ली उचलली. पण त्याची काळजी काही खोटी नव्हती, हे चिमाबाईला कळत होतं. त्या दिवसापासून ती परसात गेली तरी कान दाराकडे ठेवू लागली.

लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला जावं लागे. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत मोठी काचेची पेटी होती, तिच्यात सोनेरी मासे. एरवी दवाखान्यात बाजीराव पाच मिनिटं टेकत नसत. एके दिवशी गर्दी होती आणि नंबर लांब होता. पण बाजीराव त्या काचेपुढे जे उभे राहिले ते हललेच नाहीत. पेटीच्या कोपऱ्यातल्या नळीतून बुडबुडे वर येत होते, बुडबुड, बुडबुड. ते कान देऊन ऐकत होते. नंबर आला तेव्हा तिनं त्यांचा हात धरला. तर हळूच तिच्याकडे वाकून, एखादी चूक खाजगीत सांगावी तसं म्हणाले, "गोडं पानी हाय. समुद्रातलं एक बी न्हाई."

येताना कामशेतला उतरून तिनं मासेवाल्या दुकानाचा पत्ता काढला.

दुकान प्रेरणाचं होतं. तिशीतली बाई, ओल्या हातांची, बोलायला सरळ. लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या माशांच्या पेट्या धुण्या-भरण्याचं काम तिच्याकडे असायचं. चिमाबाईनं खाऱ्या पाण्यातल्या माशांचं नाव काढताच तिनं मान हलवली.

"मावशी, गोड्या पाण्यातले न्या. सुखात राहतील. खाऱ्या पाण्याची फार मिजास असते. बंगलेवाले हौसेनं मांडतात आणि दोन महिन्यांत सगळं मरतं."

"ते हितं ऱ्हात न्हाईत ना. मी ऱ्हाती."

"कुणासाठी हवंय पण?"

चिमाबाईनं बाजूला उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. बाजीराव एका रिकाम्या काचेवर बोटानं टिचकी मारून बघत होते. मग तिनं बॅग, गोदी, हायवे सगळं सांगितलं. प्रेरणा ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर मागच्या खोलीत गेली आणि धुळीनं माखलेली चार फुटी पेटी दाखवत म्हणाली, "ही एका बंगल्यातून परत आलीय. हल्ली लोक खाली वेगळी टाकी, मोठमोठी यंत्रं, काय काय लावतात. हिला जुन्या पद्धतीचा अंडरग्रॅव्हल फिल्टर आहे. पसारा कमी. दोन-चार मासे आणि थोडं मऊ प्रवाळ, एवढंच ठेवलं तर पुरेल. पण एक सांगते, पाणी भरल्यावर महिना-दीड महिना एकही मासा सोडायचा नाही. नुसतं पाणी बघत बसायचं. जमेल?"

चिमाबाईला हसू आलं. "तेवडं एक मला जमतं बाई," ती म्हणाली.

थंडीचे दिवस होते. प्रेरणा टेम्पोतून पेटी घेऊन आली. राजेंद्रनं सुट्टी काढून पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीसमोरच्या भिंतीला लोखंडी घोडा पक्का केला. त्याच्या मनात नव्हतं, पण आईपुढे बोलला नाही. पेटी घोड्यावर बसली. मग प्रेरणानं पेटीच्या तळाला काळ्या प्लास्टिकच्या जाळीदार प्लेटा मांडल्या. त्यांना खालून बोटभर उंचीचे पाय होते, त्यामुळे प्लेटा आणि काच यांच्यामध्ये पोकळी राहत होती. मागच्या दोन कोपऱ्यांत भोकं होती, त्यांत उभ्या नळ्या बसवायच्या होत्या.

"ह्याच्यावर शिंपल्यांच्या भरडीचा थर टाकायचा," प्रेरणा सांगत होती. "नळीत खालपर्यंत हवा सोडली की बुडबुडे वर येतात आणि येताना पाणी ओढून आणतात. म्हणजे पेटीतलं पाणी भरडीतून खाली झिरपतं, प्लेटेखाली जातं, आणि नळीतून परत वर येतं. सारखं फिरत राहतं. माशांची घाण भरडीत अडकते. तिथे डोळ्यांना दिसत नाहीत असे जीव वाढतात, ते ती घाण खाऊन टाकतात. तेच खरे फिल्टर. त्यांना वाढायला महिना लागतो."

"म्हंजी उकिरड्यातलं शेन मुरतं तसं."

"तसंच. आणि हे घ्या, हे विरजण." तिनं पिशवीतून दुकानातल्या चालू पेटीतली मूठभर ओली भरड काढली. "ही आपल्या भरडीत मिसळली की लवकर लागेल."

विरजण म्हटल्यावर चिमाबाईला सगळं लख्ख कळलं. तिनं शिंपल्यांची भरड घमेल्यात घेऊन तांदळासारखी रोळून रोळून धुतली, पाणी नितळ येईपर्यंत. दुसरीकडे पिंपात प्रेरणानं मोजून मीठ कालवलं. ते मीठ आमटीतलं नव्हे, समुद्राच्या पाण्यासारखं पाणी करायचं वेगळं मीठ. खारटपणा मोजायचा काचेचा काटा पाण्यात तरंगवून ती पुन्हा पुन्हा बघत होती.

बाजीराव इतका वेळ खुर्चीत बसून होते. एक नळी भोकात नीट बसेना, डगडग करू लागली, तेव्हा ते उठले. कुणाला काही न विचारता त्यांनी नळी काढली, तिची कड अंगठ्यानं चाचपली, उलटी करून पुन्हा लावली, आणि तळहातानं वरून एकच ठोका दिला. नळी बसली. दुसरीही बसवली. सदऱ्याची बटणं कुठल्या भोकात घालायची हे ज्या हातांना हल्ली उमगत नव्हतं, तेच हे हात. चिमाबाई घमेलं धरून बघतच राहिली.

प्लेटांवर जाळी, जाळीवर भरड, भरडीत विरजण. भरड उकरू नये म्हणून मध्ये एक ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतलं. पेटी भरली. हवेचा पंप फळीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवला आणि बटण दाबलं. आधी नळ्या नुसत्या खाकरल्या. मग दोन्ही कोपऱ्यांतून बुडबुड्यांची सर उठली आणि घरभर एक संथ, खोल घुरघुर पसरली.

बाजीरावांनी काचेला तळहात लावला. डोळे मिटले. "चालू झाली मशीन," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी बॅग भरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पेटीत मासा नाही, काही नाही, नुसतं गढूळसर पाणी, पण ते खुर्ची ओढून तिच्यापुढे बसून राहायचे. मधूनच उठून नळीला कान लावायचे, फळीवरचा पंप चाचपायचे, पुन्हा येऊन बसायचे. राजेंद्र रविवारी आला तर थक्क झाला. "आई, मानलं तुला," म्हणाला. तळेगावच्या जागेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

चिमाबाई त्यांच्यामागे भिंतीला टेकून भाजी निवडायची. काचेत तिला त्यांचा चेहरा दिसायचा, हलता, निवांत. तिला वाटायचं, आपण केवढी मोठी गोष्ट केली. माणूस जागेवर बसवला.

असा महिना गेला. एका दुपारी ती त्यांना भाकरी वाढत असताना बाजीराव अवघडून म्हणाले, "बाई, तुमच्या हातचं चांगलं असतं. पन आता किती दिस ऱ्हायलं?"

"कशाला?"

"घरी जायाला. मपली चिमा वाट बघत आसंल."

तिनं कालवणाची वाटी खाली ठेवली. "अवो, मी हाय न्हवं चिमा," ती म्हणाली. त्यांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि परक्या बाईला वाईट वाटू नये म्हणून हसावं तसं हसले. "तुमचं बी नाव चिमाच का? आमच्या मुलखात लय हायती," म्हणाले.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. इतके दिवस ते घरात होते आणि त्यांना जहाजावर जायचं होतं. आता ते जहाजावर होते. मशीन चालू होती, पाणी खारं होतं, आणि चिमा लांब, डोंगरापलीकडे, कान्ह्यात राहिली होती. गोदीला जायची घाई करणारा माणूस तिला निदान नावानं हाक मारत होता. हा मारत नव्हता.

ती परसात गेली आणि वांग्याच्या वाफ्यापाशी उभी राहून पदर तोंडात धरून रडली. मग तोंड धुऊन आत आली, कारण त्यांचं जेवण व्हायचं होतं.

मासे आले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी आणि एक निळा, चपळ. प्रेरणानं एका दगडाला चिकटलेलं मऊ प्रवाळही आणलं. "कडक प्रवाळ समुद्रातून काढायला बंदी आहे," ती म्हणाली, "हे काचेतच वाढवलेलं." हिरव्या बटणांचा झुपका होता तो. प्रत्येक बटणाभोवती बारीक झालर. उजेड पडला की उघडायचं, हात लावला की मिटायचं. बाजीराव माशांना नावं द्यायचे, त्यांच्याशी हिंदीत बोलायचे, आणि कातरवेळ झाली की बाईंना, म्हणजे चिमाबाईला, आपल्या बायकोच्या गोष्टी सांगायचे. गोष्टी फारशा नव्हत्याच. चिमा भात लावताना सगळ्यांच्या पुढे असते. चिमाला आंबट आवडतं. चिमा चिडली की बोलत नाही, भांडी आपटते. चिमाबाई हुंकार द्यायची. आपल्याच नवऱ्याच्या तोंडून आपल्याच गोष्टी ऐकताना तिला त्या दुसऱ्या, तरुण चिमाचा हेवा वाटायचा. कुणीतरी तिची एवढी आठवण काढत होतं.

चैत्रातली गोष्ट. एका सकाळी वस्तीचा डीपी जळाला. वीज गेली. राजेंद्रनं बसवलेल्या इन्व्हर्टरवर दुपारपर्यंत पंप चालला आणि मग घुरघुर बारीक होत होत थांबली.

प्रेरणानं आधीच बजावून ठेवलं होतं, पाणी फिरायचं थांबलं की भरडीतले जीव गुदमरतात, आणि ते मेले की सगळं पाणी नासतं. चिमाबाईनं तिला फोन लावला. ती लोणावळ्याला तुंगार्लीच्या एका बंगल्यावर होती. "बॅटरीवरचा पंप घेऊन निघतेच," प्रेरणा म्हणाली. "तोवर मगानं पाणी काढून वरून ओतत राहा मावशी. थांबू नका."

चिमाबाईनं मग घेतला आणि वळली. बाजीराव खुर्चीत ताठ बसले होते. घरात इतकी शांतता होती की परसातल्या कोंबडीचं उकरणं ऐकू येत होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. तसबिरी, पलंग, खुंटीवरचा सदरा. मग तिच्यापाशी येऊन नजर थांबली.

"चिमे," ते म्हणाले, "केस किती पांढरं झालं गं तुजं."

 हातात मग धरून ती तशीच खाली बसली, त्यांच्या पायाशी.

"कवा आलासा?" तिनं विचारलं. दर वर्षी ते दारात उभे राहिले की ती हेच विचारायची.

"आत्ताच. राजू कुटंय?"

"कामावं गेलाय. मोटा झाला आता."

"व्हनारच." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लय दिस लागलं ह्या येळंला. खाली मशीनपाशी काय सुदरत न्हाई बग. तुजं त्वांड आटवायचं, पन आवाज जायाचा. लय वडून काडला तरी यायचा न्हाई. येकच ऱ्हायला व्हता. तू कोंबड्यांना बोलवायचीस न्हवं, त्यो."

"कोंबड्यांना?"

"व्हय. त्योच ऐकत बसायचो."

"मंग येवड्या वरसांत सांगितलं का न्हाई कवा?"

"पत्रात कोंबड्यांचं काय लिवू?" ते म्हणाले, आणि दोघंही हसली. तिला हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

फोन वाजला. प्रेरणाचा असणार. तिनं उचलला नाही. पेटीत तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते, हे तिला दिसत होतं. प्रवाळाची बटणं मिटून गोळा झाली होती. पाण्याचा मग तिच्या मांडीवर होता. ओतायला हवं होतं. पण ओतलं तर पाण्याचा आवाज होईल, आणि आवाज झाला तर… तिनं तो पदराखाली सरकवला. मरू देत. तीन मासेच तर आहेत. पापाचं भय तिला वाटलं, पण उठवेना.

"वांगी लावलीस का गं?" बाजीराव विचारत होते. "मागं वाफा हाय न्हवं?"

"तुमीच लावलीत की. पलीकडच्या सालात."

"बरं केलं."

त्यांनी तिचा हात हातात घेतला. तळव्यावरचे घट्टे अंगठ्यानं चोळत राहिले. बाहेर ऊन कललं. ती विचारत राहिली, ते सांगत राहिले. कुठल्याशा बंदरात तिच्यासाठी घेतलेलं लुगडं, ते सहकाऱ्याला उसनं दिलं कारण त्याच्या बहिणीचं लग्न होतं. हे तिला कधीच ठाऊक नव्हतं. ती लटकेच रागावली. किती वेळ गेला कोण जाणे.

मग त्यांचं लक्ष काचेकडे गेलं. हात सैल झाला.

"मशीन बंद हाय?"

"ऱ्हाऊ द्या वो. बसा वाईच."

"आसं कसं, चिमे? मशीन बंद ठिवून न्हाई चालत. वर मानसं हायती." ते उठले. बाह्या सारल्या. पदराखालचा मग त्यांना दिसला होता की काय कळेना, पण त्यांनी हात पुढे केला आणि तिनं तो दिला. तीस वर्षांत दर खेपेला तिनंच त्यांची बॅग दारापर्यंत नेऊन दिली होती. कधी धरून ठेवलं नव्हतं.

ते मगानं पाणी काढून उंचावरून ओतू लागले. एक लय धरून, न सांडता. तिनंही पातेलं घेतलं. दोन्ही म्हातारी माणसं पेटीच्या दोन टोकांना उभी राहून पाणी उपसत, ओतत राहिली. खांदे भरून आले. मध्ये दोनदा ते तिच्याकडे बघून हसले, ओळखीचं हसले. तिसऱ्यांदा पाहिलं ते कसं, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

स्कूटर दारात थांबली. प्रेरणा घामाघूम होऊन आत आली, तिनं नळ्यांना बॅटरीचा पंप जोडला. नळ्या खाकरल्या. बुडबुडे उठले. बाजीरावांनी काचेला तळहात लावून पाहिला, समाधानानं मान हलवली, हात धोतराला पुसले.

"बाई, तुमी दमला," ते चिमाबाईला म्हणाले. "जाऊन पडा. हितं माजी ड्युटी हाय."

निळा मासा त्याच दिवशी गेला. जोडी वाचली. प्रवाळ बरेच दिवस मिटूनच होतं, मग अर्धं उघडलं, अर्धं कुजून गळालं. प्रेरणानं पाणी तपासलं, थोडं बदललं आणि फोन का उचलला नाही हे विचारलं नाही.

पुढच्या खेपेला चिमाबाईनं डॉक्टरांना झालेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असे चांगले तास मधूनच येतात आजी. पंपाचा त्याच्याशी संबंध नसावा." तिनं वाद घातला नाही. पण एके दिवशी दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, तिनं हळूच फळीवरचं बटण बंद केलं आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसली. घर शांत झालं. तिनं वर पाहिलं. बाजीराव कपाळाला आठ्या घालून पेटीकडे बघत होते. "कोन रं त्यो? कुनी बंद केली?" ते ओरडले. ती उठली आणि बटण दाबलं. पुन्हा तिनं तसं केलं नाही.

दिवाळीनंतर बाजीरावांचं बोलणं कमी झालं. गोदी गेली, जहाज गेलं, घरी जायचं तेही गेलं. बायकोच्या गोष्टी सांगेनासे झाले. चिमाबाई आता त्या गोष्टींसाठीही झुरायची. बाईच म्हणा हवं तर, पण चिमाबद्दल काहीतरी बोला, असं तिला वाटायचं. ती स्वतःच सुरुवात करून द्यायची, "तुमची मालकीन भात लय झटक्यात लावायची म्हनं?" ते नुसते बघायचे.

सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकायला परसात जायची तेव्हा दार मुद्दाम सताड उघडं ठेवायची, आणि जरा मोठ्यानंच बोलवायची.

एका संध्याकाळी ती त्यांना पेज भरवत होती. खोलीत दिवा लावलेला, पेटीतला उजेड त्यांच्या गालावर हलत होता. दोन घास खाऊन ते थांबले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तिच्याकडे नीट, माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमी येकट्याच दिसता. तुमचं मानूस कुटं आसतं?"

तिनं चमचा वाटीत ठेवला. "जहाजावं गेलंय," ती म्हणाली.

बाजीरावांनी मान डोलवली. ही गोष्ट त्यांना चांगली कळत होती.

"येतंय, येतंय," ते म्हणाले. "येळ लागतो. पन येतंय."

"व्हय," चिमाबाई म्हणाली आणि पेजेचा पुढचा चमचा फुंकून गार केला.